ट्रॉली सुटली तर ब्रेक कोण मारणार?

आजचा एपिसोड ऊस, रेल्वे आणि एका बॅटरीचा.

आमच्या सांगली-सातारा पट्ट्यात कारखाने सुरू झाले की एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. गेल्या हंगामात कराडजवळ एका चढावर असाच ट्रॅक्टर थांबला. एका पोरानं खाली उडी मारून मागच्या चाकामागं दगड लावला. मी बाईकवर बरोब्बर मागे! तेवढा ऊस आणि मी, मध्ये एक पिन आणि एक दगड.

असाच दगड १२ जून १८८९ ला आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ लावला होता. सहलीला निघालेल्या मुलांची रेल्वे चढावर अडकली. इंजिनाला ओझं झेपेना, म्हणून मागचे डबे तिथंच सोडून पुढचे आधी न्यायचं ठरलं. गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होता, पण साधा. इंजिनापासून डबे तोडले की ब्रेक गेला. उरला गार्डचा हातब्रेक आणि चाकांमागचे दगड. पुढचा भाग निघताना जरासा मागे सरकला, धक्का बसला, दगड चुरडले. डबे उतारावरून सुटले ते मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं प्रवासी गाड्यांना ऑटोमॅटिक ब्रेक सक्तीचा केला.

आणि राग येतो तो याचा, की उपाय आधीच तयार होता. वेस्टिंगहाउसनं १८७० च्या दशकातच प्रत्येक डब्याला हवेची स्वतःची टाकी दिली होती. पाइपात दाब आहे तोवर ब्रेक मोकळा. पाइप तुटला की टाकीतली हवा ब्रेक लावते. आपल्या कोडच्या भाषेत, हार्टबीट थांबला की सिस्टिम स्वतःच थांबते. आपल्या पुणे-मिरज लाइनवरची मालगाडी आज याच तत्त्वावर धावते.

ट्रेलरची बॅटरी म्हणजे तीच टाकी. अमेरिकेत इलेक्ट्रिक ब्रेकवाल्या ट्रेलरवर वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते. एक केबल पुढच्या गाडीला बांधलेली. ट्रेलर सुटला की केबल स्विचची पिन उपसते आणि बॅटरी ब्रेकला करंट देते. तिथल्या व्यावसायिक वाहनांच्या नियमात ब्रेक किमान १५ मिनिटं लागलेला राहायला हवा.

पण यात एक बग आहे. हवेचा दाब गेला तर गाडी थांबते, बिघाड लगेच कळतो. बॅटरी मेली तर काहीच होत नाही! ट्रेलर मजेत धावतो. ब्रेक नव्हता हे तो सुटल्यावर कळतं. म्हणून निघण्याआधी पिन उपसून बघायची, चाकं धरतात का ते.

त्या उसाच्या ट्रॉलीवर ना टाकी होती, ना बॅटरी. मागचा दिवाही नव्हता. पोरानं दगड उचलला, पळत जाऊन ट्रॅक्टरवर चढला. मी बाईक कडेला घेतली आणि ट्रॉल्या चढ पार करेपर्यंत तिथंच थांबलो.