दीड मिलिमीटरचा इतिहास

कादंबरीतल्या पात्रांवर अन्याय करण्याची मला सवय आहे. वर्गात मात्र तो आपल्या हातून घडत नाही, अशी माझी समजूत होती. गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलाने ती मोडली.

आमची मुले दोन चाकांची एक गाडी बनवीत होती. समोर भिंत आली की तिने आपण होऊन वळायचे. तिचा मेंदू म्हणजे 'आर्डुइनो उनो' ही निळी पाटी. पण मेंदूत बळ नसते. या पाटीच्या एका पिनेने २० मिलिॲम्पिअरच्या आसपास प्रवाह द्यावा. तेवढ्यात दिवा मिणमिणेल, मोटर हलायची नाही. म्हणून मध्ये 'एल २९३ डी' ही चिप लागते. ती दर मोटरला ६०० मिलिॲम्पिअरपर्यंत प्रवाह पुरवते. ती एका वेगळ्या पाटीवर बसवायची आणि ती पाटी मूळ पाटीवर टोपीसारखी चढवायची. हिला 'शील्ड' म्हणतात. बाजारात ती तयार मिळते, पण पोरांना स्वतःच करायची होती!

त्या मुलाने भोकांची साधी पाटी आणली, पिनांना डाख दिला. पण टोपी काही डोक्यावर बसेना. तीन रांगा बसत, चौथी अडे. मी चारचौघांदेखत म्हणालो, "अरे, मोजायला कुणी शिकवलं नाही का?"

तो एवढेच म्हणाला, "सर, तीनदा मोजलंय."

रात्री मीच पट्टी घेऊन बसलो. शेजारच्या पिनांत सगळीकडे २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. पण ७ आणि ८ या पिनांमध्ये चार मिलिमीटरांहून किंचित अधिक! हे जादा दीड मिलिमीटर आले कोठून?

ते आले इटलीतून. उत्तरेकडच्या इव्रिआ गावी रचनाकला शिकवणारी एक संस्था होती. तेथील विद्यार्थ्यांना त्या काळच्या अशा पाट्या फार महाग पडत. हर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाची पाटी तयार केली, आणि त्याच पायावर २००५ साली मास्सिमो बान्झी आणि त्याच्या सोबत्यांनी अधिक स्वस्त पाटी उभारली. (पायातल्या या दगडाचे नाव फार थोडे लोक घेतात, याची मला चुटपुट लागते.) नाव ठेवले गावातल्या एका मद्यगृहाचे, आणि त्या मद्यगृहाला नाव होते १००२ साली इटलीचा राजा झालेल्या आर्दुइनोचे.

आराखड्यात शेवटच्या घटकेला बान्झीच्या हातून ही चूक झाली आणि ध्यानात आली ती पाट्या तयार झाल्यावर. पुढे दुरुस्त करावी, तर तोवर लोकांनी त्याच मापाची शील्डे घडवलेली; ती सारी वाया जायची. २०२३ सालच्या 'उनो आर ४' मध्ये आतली मुख्य चिप पार बदलली, पण ते अंतर तसेच आहे. चुकीचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे: शील्ड उलटे बसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच चारचौघांदेखत मी त्या मुलाची क्षमा मागितली. त्याचे लक्ष नव्हते. चिमट्याने तो चौथ्या रांगेच्या पिना एकेक करून नागमोडी वाकवीत होता.

"बसली, सर!"

गाडी सुटली. भिंत आली. उजवीकडे वळायची, ती डावीकडे वळली. मोटरच्या तारा मी जोडल्या होत्या.