उसनी तरतरी

व्यसनाचा विषय निघाला की मद्यपी, जुगारी, चैनी माणसे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. व्यसन ही चैनीची अखेर, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु जपानातील एका औषधाची हकिगत पाहिली म्हणजे हा समज पुन्हा तपासून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली माहुआंग या जुन्या चिनी औषधी वनस्पतीतून एफेड्रिन वेगळे केले आणि १८९३ साली त्यापासून मेथॅम्फेटामीन तयार केले. हेच द्रव्य १९४१ साली ‘हिरोपोन’ या नावाने विक्रीस आले. या नावाच्या मुळाशी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ ‘श्रमाची आवड असणारा’! युद्धाच्या धामधुमीत सैनिकांना आणि रात्रपाळीच्या कामगारांना झोप उडवण्यासाठी ते दिले गेले. म्हणजे हे व्यसन चैनीच्या नव्हे, कर्तव्याच्या दाराने घरात शिरले.

१९४५ साली जपान शरण गेला. साठवलेले औषध बाजारात आले. शहरे बेचिराख झालेली, पोटात अन्न नाही; अशा वेळी भूक व थकवा विसरायला लावणारी गोळी कोणाला नकोशी होईल? पुढे गोळीची जागा सुईने घेतली. १९५१ साली बंदीचा कायदा झाला, तरी एकट्या १९५४ सालात पंचावन्न हजारांवर माणसे पकडली गेली.

योगायोग असा की, त्याच १९५४ साली कॅनडात ओल्ड्स आणि मिल्नर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूच्या विशिष्ट भागात सूक्ष्म विद्युत्प्रवाह मिळावा म्हणून उंदीर तासाला शेकडो वेळा कळ दाबीत. पुढे १९५७ च्या सुमारास स्वीडनमधील कार्लसन यांनी डोपामीन हे मेंदूतील निरोप्याचे काम करते, हे दाखवले. २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

भुकेल्याला घास मिळाला की हा निरोप्या ‘हे पुन्हा कर’ असे सांगतो. मेथॅम्फेटामीन मज्जापेशीत शिरून तिच्यातील डोपामीनचा साठा एकदम बाहेर लोटते. ते शक्ती देत नाही. शिलकीतली उधळायला लावते. वारंवार असे झाले की मेंदू तो निरोप ऐकणारी दारे कमी करतो. मग घास, गाणे, लेकराचे हसू, सारे फिके पडते. आठवण मात्र त्या सुईचीच राहते. अशा माणसाला ‘मनाचा दुबळा’ म्हणणे सोपे आहे. पण ज्या मेंदूने निश्चय करायचा, तोच येथे घायाळ झालेला असतो.

ही जखम कित्येक महिन्यांच्या वर्ज्यानंतर काही अंशी भरून येते, असे आजचे शास्त्र सांगते. जपाननेही शिक्षेबरोबर उपचार योजले आणि १९५८ पर्यंत अटकेची संख्या हजाराच्या आत आली. मात्र १९७० नंतर ती पुन्हा चढली. म्हणून आमचे सांगणे एवढेच: व्यसनी माणसाला दोष देण्यापूर्वी, त्याच्या हातावर पहिली गोळी कोणी आणि कशासाठी ठेवली, हेही आपण विचारले पाहिजे.