वाहतुकीचा गोंगाट आणि श्रवणहानी (यवतमाळ जिल्हा)

वाहनांची इंजिने, हॉर्न, सायलेन्सर आणि टायर यांचा आवाज वर्षानुवर्षे कानावर पडून ऐकण्याच्या शक्तीची होणारी झीज. यवतमाळ जिल्ह्यात हा गोंगाट महानगरासारखा सर्वदूर पसरलेला नाही. तो ठरावीक रस्ते, चौक आणि नाके यांवर एकवटलेला आहे आणि त्याची खरी झळ बसते ती ज्यांचे पोट रस्त्यावर आहे त्यांना.

नागपूर–तुळजापूर महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जिल्हा आडवा कापत जातो. नागपूर–हैदराबाद महामार्ग (क्र. ४४, पूर्वीचा ७) पांढरकवडा, पाटणबोरीमार्गे तेलंगणात उतरतो. वणी भागात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींमुळे कोळशाच्या ट्रकांची वर्दळ असते. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणारे ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्या तिच्यात भर घालतात. मूर्तिजापूर–यवतमाळ ही नॅरोगेज रेल्वे ‘शकुंतला’ बंद पडल्यानंतर यवतमाळ शहराचा माणसांचा आणि मालाचा सारा भार रस्त्यावरच आला.

डेसिबलची मोजपट्टी फसवी आहे. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तास सोसणे ही सुरक्षिततेची कड मानली, तर ८८ ला ४ तास, ९४ ला एकच तास आणि १०० ला अवघी १५ मिनिटे उरतात. वाहनाच्या हॉर्नचा आवाज काही मीटरवरून मोजला असता ९३ ते ११२ डेसिबल असावा, असे भारतीय मानक आहे. म्हणजे नियमात बसणारा हॉर्नही कानाला सौम्य नाही. आवाजाचे उगमस्थान निम्म्या अंतरावर आले की पातळी सुमारे ६ डेसिबलने चढते. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, हातगाडीवाला किंवा ऑटोचालक यांच्यापासून हॉर्न पुष्कळदा दोन हातांवर असतो.

अंतर्कर्णातील शंखाच्या आकाराच्या पोकळीत सुमारे १५ हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे संवेदनेत रूपांतर त्याच करतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात. संध्याकाळी कान बधिर वाटतो, सकाळपर्यंत मोकळा होतो. हेच रोज घडत राहिले की काही पेशी कायमच्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. झीज बहुधा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सुरू होते. श्रवणचाचणीच्या आलेखात ४,००० हर्ट्झजवळ खाच दिसते. या अवस्थेतल्या माणसाला ट्रकची घरघर नीट ऐकू येते, पण ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक वर्ण निसटू लागतात. बाजारात गिऱ्हाईक ‘साठ’ म्हणाले की ‘आठ’, हे त्याला पुन्हा विचारावे लागते. त्याला वाटते, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. अनेकांच्या कानात याच सुमारास शिटीसारखा आवाज सुरू होतो आणि रात्रीच्या शांततेत तो अधिक छळतो.

रस्त्याकडेच्या घरात राहणाऱ्याचा कान केवळ वाहतुकीने निकामी होतो, असे सरसकट म्हणता येत नाही. दिवसरात्रीची सरासरी ७० डेसिबलच्या आत असेल, तर श्रवणहानीचा धोका फारच थोडा असतो. अशा घरांत गोंगाट झोप मोडतो, चिडचिड वाढवतो. रक्तदाब व हृदयविकार यांच्याशीही त्याचा संबंध आढळला आहे. रोजचे आठ-दहा तास रहदारीत काढणाऱ्याची गोष्ट वेगळी. पुण्यातील वाहतूक पोलिसांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ८० टक्के जणांत श्रवणदोष आढळला होता. यवतमाळची रहदारी पुण्याएवढी नाही. तरी प्रेशर हॉर्न आणि फेरफार केलेले सायलेन्सर असतील, तर थोडी वाहनेही पुरतात.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५, तर व्यापारी भागात ६५ व ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. अनेक सुरांचे हॉर्न मोटार वाहन नियमांनी निषिद्ध आहेत. विनाकारण हॉर्न वाजवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये ८५ डेसिबलच्या वर गोंगाट गेला की लाल दिवा लांबवणाऱ्या सिग्नलची चित्रफीत प्रसिद्ध केली, तेव्हा देशभर तिची चर्चा झाली. मात्र २०११ मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय ध्वनिमापन जाळ्यातली महाराष्ट्रातील केंद्रे मुंबई परिसरात आहेत. विदर्भात एकही नाही.

कायद्याची मोठी उणीव दुसरीकडे आहे. कारखान्यातील कामगारासाठी ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. रस्त्यावर राबणाऱ्यासाठी तशी कोणतीच नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत संभाषणाच्या कंपनसंख्यांवर ६० डेसिबल हानी झाली, तरच माणूस ‘ऐकू कमी येणारा’ ठरतो. गोंगाटाची झीज सुरू होते त्यापेक्षा वरच्या कंपनसंख्यांवर, त्यामुळे बाजारात अडखळणारा ऑटोचालक कागदोपत्री धडधाकटच राहतो. हे अन्यायाचे आहे. वाहतूक पोलीस, एसटीचे चालक-वाहक आणि ऑटोचालक यांची श्रवणचाचणी दरवर्षी व्हायला हवी.

फोनवर शब्द तुटक वाटणे, घरच्यांनी टीव्हीच्या आवाजाची तक्रार करणे, कानात सतत शिटी वाजणे, यांपैकी काहीही जाणवल्यास वयाचे कारण सांगून दिवस ढकलू नयेत. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे कान तपासून घ्यावा. गेलेले ऐकणे औषधाने परत येत नाही. उरलेले मात्र राखता येते.