एकटीचा नवा संसार

तात्यापारा आणि बूढापारा या रायपुरातील जुन्या वस्त्या आमच्यापैकी अनेकांच्या परिचयाच्या आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत, आणि पुढे नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असताना नोकरीच्या निमित्ताने, मराठी कुटुंबे या मुलखात आली. परमुलखात जुन्या घरात बिऱ्हाड थाटणे म्हणजे काय, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. परंतु आमचे पूर्वज निदान संसार बरोबर घेऊन आले होते. मोडलेला विवाह मागे ठेवून एकटीच सातासमुद्रापार गेलेल्या डॉ. रखमाबाईंची हकीकत म्हणूनच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी आम्हांस स्मरते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. मातोश्री जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. पण त्या नांदावयास गेल्या नाहीत. १८८४ साली दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, तेव्हा 'केसरी'सह अनेक पत्रांनी त्या निकालावर झोड उठविली. अपिलात निकाल फिरला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की नांदावयास जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दर्शविली.

व्हिक्टोरिया राणीने हा विवाह रद्द केला, अशी कथा पुष्कळांच्या तोंडी आहे. वास्तविक १८८८ साली तडजोड झाली आणि दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. हिंदू कायद्यात त्या काळी घटस्फोटाची तरतूदच नव्हती. म्हणजे सुटका झाली, तरी कायद्याच्या दृष्टीने विवाह तसाच राहिला. या अधांतरी अवस्थेतच त्यांना पुढील आयुष्य उभे करावयाचे होते.

मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना वैद्यकाची वाट दाखविली. वर्गणी जमली, आणि १८८९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, रखमाबाई विलायतेस निघाल्या. लंडनचे स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय १८७४ साली हेन्रिएटा स्ट्रीटवरील 'पॅव्हिलियन' नावाच्या एका जुन्या, बाग असलेल्या घरात सुरू झाले होते. ज्यांना इतरत्र दारे बंद होती, अशा स्त्रियांनी ते घर मिळविले होते. पेचीबाई स्वतः एडिंबरोत अशाच बंद दारापाशी झगडलेल्या. अशा घरात शिरताना या मराठी मुलीस आपण एकट्याच नाकारलेल्या आहोत, असे वाटण्याचे कारण नव्हते. अभ्यास पुरा करून १८९४ साली त्यांनी परीक्षा दिली व डॉक्टरकीची सनद मिळविली.

परतल्यावर त्यांचे कार्यक्षेत्र ठरले ते सुरत, आणि नंतर राजकोट. म्हणजे स्वदेशी येऊनही त्या परमुलखातच राहिल्या. गुजराती स्त्रियांची बाळंतपणे आणि दुखणी हाच त्यांचा संसार झाला. १९०४ साली दादाजी निवर्तले, तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले. ज्याच्या घरी जाण्यापेक्षा तुरुंग बरा म्हटले, त्याच्यासाठी हे का, या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. संबंध तुटला तरी त्याची खूण अंगावर राहते, एवढेच आम्ही म्हणू.

हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला आणि घटस्फोटाचा हक्क देशभर मिळाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई निवर्तल्या. ज्या हक्काची त्यांना तरुणपणी गरज होती, तो नव्वदीत केवळ पाहावयास मिळाला.

त्यांचे धैर्य मोठे होतेच; पण एका बाईने शब्द टाकला, काहींनी वर्गणी दिली आणि एका जुन्या घराचे दार उघडे होते, म्हणून ते फळास आले. मोडलेला संसार मागे टाकून एखादी लेक आजही रायपुरास येते. अशा वेळी 'यजमान काय करतात?' हा प्रश्न आपण मागे ठेवावा, आणि आधी विचारावे, 'बिऱ्हाडाची सोय झाली का?'