शिक्कामोर्तब आणि टपाल

शिक्कामोर्तब हा शब्द आपण नित्य वापरतों. पण तो दोन निरनिराळ्या वस्तूंचीं नांवें जोडून झाला आहे, याचें भान फारसें कोणास नसतें. मराठशाहीच्या राजपत्रांत शिक्का आरंभीं उमटे आणि मोर्तब मजकुराच्या अखेरीस. पत्र कोणाच्या सत्तेनें निघालें तें शिक्क्यानें सांगावें, आणि मजकूर येथें संपला, यापुढें कोणीं कांहीं घुसडूं नये, असें मोर्तबानें बजावावें, अशी ही कामाची वांटणी होती. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरील 'मर्यादेयं विराजते' हीं अक्षरें याच अर्थाचीं आहेत.

टपालाच्या पाकिटावर जो वाटोळा काळा छाप आपण पाहतों, त्यांत हीं दोन्हीं कामें एकवटलीं आहेत. तो तिकीट रद्द करतो, म्हणजे त्या तिकिटाचें मोल येथें संपलें असें सांगतो. हें त्याचें मोर्तब. आणि पत्र कोणत्या गांवीं, कोणत्या दिवशीं सरकारच्या हवालीं झालें याची तो ग्वाही देतो. हा त्याचा शिक्का. असा छाप कोणाच्या हातीं असावा, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसला तरी त्याच्या पोटीं बराच इतिहास आहे. तो आम्ही आज वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

हा प्रश्न सुचण्यास निमित्त झालें तें अमेरिकेंतील एका प्रथेचें. तेथील टपालखातें सामान्य नागरिकासही स्वतःच्या पत्रांवरील तिकिटें स्वतःच रद्द करण्याचा परवाना देतें. तिकीटसंग्राहकांपैकीं कांहीं हौशी लोक असा परवाना घेतात, आपल्या आवडीचा शिक्का बनवितात, आणि घरीं बसून एकेका पाकिटावर तो निगुतीनें उमटवितात. कचेरींतील घाईचा डाग तिकिटाचें चित्र काळवंडून टाकतो. यांचा छाप मात्र रेखीव व वाचतां येईल असा उठतो. या सवलतीस अटी आहेत. शिक्क्यांत गांवाचें नांव, तारीख आणि परवान्याचा क्रमांक असावा लागतो. छाप टपाल धाडणाऱ्यानेंच मारला आहे, असे शब्द त्यांत असावे लागतात. आणि तें टपाल शिक्क्यांतील तारखेसच ठरलेल्या कचेरींत नेऊन द्यावें लागतें.

ही केवळ हौस आहे, असें कोणी म्हणेल. आमचें मत निराळें आहे. ज्या वस्तूवर सरकारची साक्ष अवलंबून आहे, ती वस्तु नागरिकाच्या टेबलावर ठेवतांना सरकारनें काय दिलें आणि काय हातचें राखलें, हें यांत पाहण्यासारखें आहे. त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

इंग्लंडांत १८४० साली रोलंड हिल यांच्या योजनेनें एक पेनीचें काळें तिकीट निघालें, तेव्हां तें रद्द करण्यास तांबड्या शाईचा फुलीसारखा ठसा वापरीत. काळ्या कागदावरची तांबडी खूण नीट दिसेना, आणि ती धुवून तिकीट पुन्हां चालविण्याची भीति वाटूं लागली. म्हणून १८४१ साली तिकीट तांबडें झालें व शाई काळी. म्हणजे आरंभीं या ठशास पैशाची राखण एवढेंच काम होतें. तारखेचा शिक्का निराळा असे आणि तो बहुधा पत्राच्या पाठीवर पडे.

आपल्या देशांत १८५२ साली सर बार्टल फ्रियर यांनीं सिंध प्रांतापुरतीं तिकिटें काढलीं. पुढें १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व हिंदुस्थानाकरितां तिकिटें चालूं झालीं, आणि पाव तोळ्याचें पत्र अंतर कितीही असो अर्ध्या आण्यांत जाऊं लागलें. हेंच १८५४ साल नागपूरकरांच्या स्मरणांत निराळ्या कारणानें आहे. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरांत निवर्तले आणि डलहौसीनें पुढच्या वर्षीं तें राज्य खालसा केलें. वैनगंगेच्या खोऱ्यांतील भंडारा, तिरोडा, कामठा हा सारा मुलूख त्या राज्यांतला. सेनासाहेब सुभा हा किताब मिरविणाऱ्या घराण्याचा शिक्का ज्या वर्षीं मावळला, त्याच वर्षीं अर्ध्या आण्याचें तिकीट आणि त्यावरचा काळा छाप देशभर सुरू झाला. राजाचा शिक्का क्वचित् कोणाच्या घरीं येई. हा नवा शिक्का अर्ध्या आण्यांत कोणाच्याही दारीं येऊं लागला.

हळूहळू तिकीट मारणारा ठसा आणि तारखेचा शिक्का जोडीनें उमटूं लागले, आणि शेवटीं एकाच वर्तुळांत सामावले. त्यामुळें पैशाची राखण करणारी खूण साक्षीदार बनली. ही साक्ष किती मोलाची आहे हें व्यापाऱ्यांस विचारावें. १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें, प्रस्ताव स्वीकारल्याचें पत्र लिहिणाराच्या हातून सुटून वाटेस लागलें, कीं प्रस्ताव करणारा त्यानें बांधला जातो. पत्र त्याच्या हातीं पडेपर्यंत थांबावें लागत नाहीं. गोंदियाच्या एखाद्या गिरणीवाल्यानें तांदुळाचा भाव कबूल केल्याचें पत्र सोमवारीं टाकलें कीं मंगळवारीं, यावर सौदा ठरूं अथवा मोडूं शकतो. असा वाद उठला म्हणजे पाकिटावरील तारीख दोघांच्याही शब्दांहून अधिक बोलते. ती अधिक बोलते याचें कारण एकच: ती दोघांपैकीं कोणाचीच नसते.

हें तत्त्व आमच्या पूर्वजांस अपरिचित होतें असें मात्र नव्हे. जुन्या मराठी पत्रांच्या पाठीवर वा कोऱ्या जागेंत 'पैवस्ती' असा शेरा व त्यापुढें मुसलमानी महिन्यांतील तारीख आढळते. पत्र पोंचलें त्या दिवशीं घेणाऱ्याच्या दप्तरांत ही नोंद होई. लिहिणारानें आपली मिति घालावी आणि घेणाऱ्यानें आपली पैवस्ती लिहावी, असा हा दुहेरी पुरावा. वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. अशा कागदांवर काम करणारांस सर्वांत छळणारी गोष्ट कोणती, तर पुष्कळ पत्रांत तिथि असते पण साल नसतें. मग मजकुरांतील माणसें, स्वाऱ्या, लग्नें, मृत्यु यांवरून साल बसवावें लागतें, आणि एका वर्षाची चूक झाली तर सबंध मोहिमेचा अर्थ फिरतो. योगायोग असा कीं, ज्या कायद्यानें पुढें सव्वाशें वर्षें या देशाचें टपाल चाललें, तोही १८९८ चाच. त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्यानें घेतली व तो २०२४ च्या जूनपासून अमलांत आला. ज्या साली आपले इतिहासकार तारखेसाठीं तळमळत होते, त्याच साली खेड्यापाड्यांतील साधीं माणसें आपापल्या पत्रांवर सालासकट तारखा गोळा करीत होतीं, आणि पाकिटें फाडून टाकीत होतीं!

आतां गोंदियाकडे वळूं. आज हें जिल्ह्याचें ठाणें आहे. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन हा जिल्हा झाला. परंतु गांव वाढलें तें रेल्वेनें. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० नंतरच्या दोनतीन वर्षांत या भागांतून गेली, १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें ती आपल्याकडे घेऊन रुंद केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं सातपुड्यांतून जबलपुराकडे जाणारा अरुंद रूळ येथून निघाला. रेल्वेबरोबर टपालाची नवी रीत आली. चालत्या गाडीच्या डब्यांत पत्रें निवडण्याचा प्रयोग या देशांत १८६३ साली अलाहाबाद व कानपूर यांच्या दरम्यान झाला होता, आणि पुढें ती पद्धति सर्वत्र पसरली. त्या डब्यांतील कारकून उभ्यानें खणांत पत्रें टाकीत आणि डब्याच्या पेटींत पडलेल्या पत्रांवर स्वतःचा शिक्का मारीत. त्या शिक्क्यांत गांवाचें नांव नसे; रेल्वे-टपालाच्या विभागाचें अक्षर आणि तुकडीचा क्रमांक असे. जेथें स्थळ सांगतां येत नाहीं, तेथेंही पत्र कोणाच्या ताब्यांत व केव्हां आलें हें सांगण्याची सोय सरकारनें सोडली नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट रुळापासून दूर घडली. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगांव या बाजूच्या रानांतील प्रत्येक गांवीं पगारी पोस्टमास्तर नेमणें सरकारास परवडणारें नव्हतें. म्हणून देशभर एक युक्ति योजिली गेली: गांवांतीलच शाळामास्तर, दुकानदार किंवा बरी स्थिति असलेला गृहस्थ यानें आपला धंदा सांभाळून दिवसाचे कांहीं तास टपालाचें काम पाहावें. त्यांस खात्याबाहेरचे प्रतिनिधि म्हणत; आज त्यांच्या जागीं ग्रामीण डाक सेवक आहेत. हे लोक सरकारी नोकर कीं केवळ एजंट, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तें नागरी पद आहे असा निकाल १९७७ साली लागला. निकाल कांहींही लागता तरी वस्तुस्थिति अशी कीं, अलीगढच्या टपालकारखान्यांत घडलेला सरकारचा शिक्का या योजनेनें गांवच्या शेजाऱ्याच्या घरांत, पुष्कळदां ओसरीवरील पेटींत, जाऊन राहिला.

अमेरिकेंतील संग्राहकाचा परवाना आणि आपल्या खेड्यांतील ही ओसरी यांत आम्हांस नातें दिसतें, आणि भेदही दिसतो. दोन्हीं ठिकाणीं सरकारनें शिक्का खाजगी माणसाच्या हातीं दिला. पण खेड्यांतील मास्तर दुसऱ्यांच्या पत्रांचा साक्षी होता. परवानेवाला स्वतःच्याच पत्राचा साक्षी होऊं पाहतो. स्वतःची साक्ष स्वतः देतां येत नाहीं, हा न्याय जगभर एकच आहे. म्हणूनच तेथील खात्यानें टपाल त्याच दिवशीं कचेरींत आणून देण्याची अट घातली. संग्राहकानें तारीख उमटवावी. ती खरी ठरावी ती पलीकडच्या कारकुनानें टपाल हातीं घेतल्यावर. आपल्याकडे व्यापारी पेढ्यांस टपालहांशील छापण्याच्या यंत्राचा जो परवाना मिळतो, त्याचेंही इंगित हेंच. हांशिलाचा आंकडा पेढी छापते. पण तें टपाल छापलेल्या तारखेस नेमलेल्या कचेरींतच द्यावें लागतें. मोर्तबाचें काम वांटून देतां येतें; शिक्क्याचें सर्वस्वीं देतां येत नाहीं.

संग्राहकांच्या हौसेस सरकारनें हातभार लावल्याचें उत्तम उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबादच्या प्रदर्शनांतून आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें सुमारें साडेसहा हजार पत्रें यमुनेपलीकडे नैनीस नेलीं. पत्रें गोळा करण्याचें काम तेथील एका विद्यार्थिवसतिगृहानें केलें, आणि दर पत्रामागें सहा आणे त्या संस्थेस मिळाले. परंतु विमानाचें चित्र असलेला तो खास शिक्का टपालखात्याच्या मंजुरीचा होता. हौस लोकांची, धर्मकार्य संस्थेचें, आणि साक्ष मात्र खात्याची! तीं पाकिटें आज जगभर मोलाचीं मानलीं जातात याचें कारण ही शेवटची गोष्ट. उलट, कोरें असण्यापेक्षां वापरलेलें तिकीट जेथें महाग असतें, तेथें खोटे छाप मारणारे निघतातच, आणि सरकारी साक्ष नसलेला सुंदर छाप कवडीमोल ठरतो. २०११ पासून आपल्या खात्यानें तिकिटाशेजारीं नागरिकाचें स्वतःचें छायाचित्र छापून देण्याची सोय केली. सरकारनें चेहरा देऊं केला. तारीख देऊं केली नाहीं. हा विवेक आम्हांस योग्य वाटतो.

आतां काळ पालटला आहे. पत्रें थोडीं झालीं. २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टांत विलीन झालें. पाकिटाचा प्रवास रेघांच्या पट्टीवरून यंत्र वाचतें आणि त्याची वेळ यंत्रांतच राहते. ती नोंद मिनिटासकट असते, म्हणून शिक्क्याहून अचूकही असते. पण ती पाकिटावर राहत नाहीं. पन्नास वर्षांनीं नातवानें आजीची पेटी उघडली, तर त्या पट्टीवरून त्यास गांव कळणार नाहीं कीं दिवसही कळणार नाहीं. राजवाड्यांस छळणारी अडचण, एवढ्या सुधारणेनंतर, पुन्हां आपल्या दारीं उभी राहत आहे.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांस आमचें एक सांगणें आहे. मुलें तिकिटें जमवूं लागलीं कीं प्रथम पाकिटावरचें तिकीट कातरून पाण्यांत भिजवितात, आणि शिक्क्याचा अर्धा भाग उरलेल्या पाकिटाबरोबर केरांत जातो. तिकीट छापखान्यांत लाखांनीं निघालेलें असतें. तें पाकीट मात्र जगांत एकच असतें. सबंध पाकीट, आंतल्या पत्रासह, तसेंच ठेवावें. एखादें पत्र धाडावयाचें असेल, तर पोस्टांतील मनुष्यास शिक्का ठळक मारण्याची विनंति करावी. ती सहसा कोणी मोडीत नाहीं. पत्र घरीं आलें म्हणजे कोपऱ्यांत पोंचल्याची तारीख सालासह लिहून ठेवावी. त्यास परवाना लागत नाहीं. पैवस्तीचा तो अधिकार घेणाऱ्याकडे पूर्वीपासूनच आहे.