रोजकीर्द ते ब्राउझर : देणगीच्या नोंदीचा प्रवास

१/
देणगीदारांची यादी जुन्या संगणकावरून ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या नव्या प्रणालीत नेणे, हे काम आज अनेक सेवाभावी संस्थांत चालू आहे. ते रुक्ष वाटते खरे. पण देणगीच्या नोंदीने यापूर्वीही रूप बदलले आहे आणि त्या बदलाची किंमत इतिहासाने मोजली आहे. अमळनेरपासून सुरुवात करू.

२/
बोरीकाठच्या या गावी श्रीमंत प्रताप शेठ यांच्या दातृत्वातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. १९४५ मध्ये सुरू झालेले महाविद्यालयही त्यांचेच नाव मिरवते. दाता मोठा असला की त्याची नोंद वास्तूच्या नावातच राहते. खतावणी हरवली, तरी प्रताप शेठ विस्मृतीत जात नाहीत.

३/
लहान दात्याचे तसे नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ उभारला : दर माणशी वर्षाला एक पैसा. लोकमान्य टिळकांनी त्यास बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. एक पैसा देणाऱ्याचे नाव कोनशिलेवर कोरले जात नाही. त्याचे नाव टिकलेच, तर ते वहीत टिकते.

४/
त्या वहीचे शास्त्र जुने आहे. पावतीच्या स्थळप्रतीवरून रक्कम रोजकीर्दीत चढते, तिथून खतावणीत जाते. आज कोणाकडून काय आले, हे रोजकीर्द सांगते. अमुक व्यक्तीने आजवर किती दिले, हे खतावणी सांगते. आजचा डेटाबेस हीच दोन उत्तरे क्षणात देतो, इतकेच.

५/
पहिले मोठे स्थलांतर लिपीचे होते. शतकानुशतके मराठी दप्तरे मोडीत लिहिली गेली. छपाई आणि शाळा बाळबोधीकडे वळल्या आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून मागे पडली. कागद शाबूत राहिले, वाचणारे विरळ झाले. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमधील फाइलची गत आज हीच होते.

६/
दुसरा बदल कायद्याने घडवला. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने न्यासांची नोंदणी, हिशेब आणि लेखापरीक्षण बंधनकारक केले. देणगीची वही आता केवळ संस्थेची राहिली नाही. ती समाजाला दाखवायची झाली.

७/
तिसऱ्या बदलात कागदच गेला. २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरच्या वनस्पती तुपासाठी स्थापन झालेली कंपनी पुढे विप्रो झाली. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअर कागदाऐवजी संगणकीय नोंदीत ठेवण्याची सोय झाली. मार्च २०१९ मध्ये अझीम प्रेमजी यांनी विप्रोतील आणखी ३४ टक्के भागांचा आर्थिक लाभ समाजकार्यासाठी दिला. त्याचे मूल्य सुमारे ५२,७५० कोटी रुपये होते.

८/
मग पाळी आली सर्वांची. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकर सवलतीस पात्र संस्थांना देणगीदारांचे विवरण, ओळख क्रमांकासह, ऑनलाइन भरणे आवश्यक झाले. कार्यालयातील एकाच संगणकात कोंडलेली यादी त्यासाठी गैरसोयीची ठरते. ब्राउझरवरील प्रणालीत अनेक कार्यकर्ते एकाच वेळी काम करू शकतात आणि कोणती नोंद कोणी बदलली, याचा मागही ठेवता येतो.

९/
स्थलांतर करताना मात्र दोन धोके असतात. एकच दाता ‘पाटील आर. डी.’ आणि ‘रा. दा. पाटील’ असा दोनदा येतो. आणि घाईने एकत्र केलेली दोन नावे दोन वेगळ्या माणसांची निघू शकतात. दुसरा धोका अधिक खोल आहे. ‘आईच्या स्मरणार्थ’, ‘पहिल्या पगारातून’ असे शेरे नव्या प्रणालीच्या कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. रक्कम पुढे जाते, कारण मागे राहते.

१०/
लेखापरीक्षकाला रक्कम पुरते. इतिहासकाराला ते कारण हवे असते. म्हणून तुमच्या गावातील ग्रंथालय, शाळा किंवा व्यायामशाळा नव्या प्रणालीकडे वळत असेल, तर तीन गोष्टी सुचवा : शेऱ्यांसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा, जुनी यादी कोणत्याही संगणकावर उघडेल अशा साध्या स्वरूपात जपावी आणि जुन्या वह्या छायाचित्रे घेतल्यानंतरही रद्दीत देऊ नयेत. प्रताप शेठांचे नाव जपायला इमारत आहे. एक पैसा देणाऱ्यासाठी ती वहीच आहे.