बहुवारिक अब्जांश कण (कर्करोगनिदान व औषधवहन)

कर्करोगाची गाठ प्रतिमेत दाखवणारे आणि तिथेच औषध सोडणारे बहुवारिकांचे (पॉलिमरचे) सूक्ष्म कण. त्यांचा व्यास साधारणपणे १० ते २०० नॅनोमीटर असतो; १ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.

रचना : गाभ्यासाठी बहुधा पीएलजीए हे विघटनशील बहुवारिक वापरतात. शरीरात त्याचे लॅक्टिक व ग्लायकॉलिक आम्लांत विघटन होते. गाभ्यात पॅक्लिटॅक्सेल वा डॉक्सोरुबिसिनसारखे औषध, तर प्रतिमेसाठी एमआरआयमध्ये दिसणारे लोह ऑक्साइड किंवा प्रदीप्त रंगद्रव्य भरतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या आवरणामुळे कण प्रतिकारयंत्रणेला चुकवून रक्तात अधिक काळ टिकतात.

कार्य : गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात, त्यामुळे कण तिथे झिरपून साठतात. मात्सुमुरा व माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये हा परिणाम मांडला. आवरणावर फोलेट किंवा प्रतिपिंड जोडल्यास कण विशिष्ट पेशींना चिकटतात.

महाराष्ट्रातील संशोधन : पवईची आयआयटी मुंबई आणि खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र यांतील संशोधकांनी याच धर्तीवरील, पण मेद-आवरणावर सोन्याचा मुलामा दिलेले विघटनशील कण तयार केले. अवरक्तालगतच्या प्रकाशाने ते तापून गाठ जाळतात. उंदरांवरील हे प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

मर्यादा : बरेच कण यकृत व प्लीहेत अडकतात. उंदरांच्या गाठीत दिसणारा कणांचा साठा माणसांत तितकाच होईल याची खात्री नसते. गाठीगाठीत फरक पडतो. म्हणूनच प्रतिमेचे महत्त्व मोठे : औषध पोहोचले की नाही, हे उपचार चालू असतानाच कळू शकते.